जपानचा ‘चिक्यू शिमिन शो’: छोट्या संस्थेने अर्जाची तयारी कशी करावी

जपान फाउंडेशन ही देशोदेशींच्या सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठीची जपानची सरकारी संस्था. तिच्या ‘चिक्यू शिमिन शो’ या पुरस्कारासाठी अर्ज करायचं ठरलं की जपानमधल्या मराठी मंडळात पहिलं काम निघतं ते गेल्या गणेशोत्सवाचे फोटो गोळा करण्याचं. तिथूनच अर्ज घसरायला लागतो. फोटोत गर्दी दिसते, आरती दिसते, मोदकांची ताटं दिसतात. पण उत्सव ज्या वस्तीत होतो तिथल्या जपानी माणसांच्या आयुष्यात त्यामुळे काय हललं, हे त्यात कुठेच नसतं. हा पुरस्कार नेमका त्या हालचालीसाठी आहे.

चिक्यू म्हणजे पृथ्वी, शिमिन म्हणजे नागरिक आणि शो म्हणजे पुरस्कार. जपान फाउंडेशनची स्थापना १९७२ ची. पुरस्कार १९८५ पासून दिला जातो. त्याचा रोख देवाणघेवाणीच्या गावोगावच्या, वस्तीपातळीवरच्या कामावर असतो. दरवर्षी साधारण तीन संस्था निवडल्या जातात आणि मानपत्राबरोबर प्रत्येकी २० लाख येन मिळतात. आजवर शंभराहून जास्त संस्थांना तो मिळाला आहे. कामाचं ठाणं जपानमध्ये असावं लागतं. पुरस्कार संस्थेला असतो, व्यक्तीला नाही. योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, ही मराठी माणसाला अभिमानाची गोष्ट खरी; पण असं वैयक्तिक कर्तृत्व इथे अर्जाचा विषय होऊ शकत नाही. अर्जात एकाच माणसाचं नाव दहा वेळा येत असेल, तर मजकूर थांबवून पुन्हा लिहायला घ्या.

अर्ज स्वतः करता येतो (जिसेन) किंवा दुसऱ्याने शिफारस करता येते (तासेन). मराठी वाचकाने दुसरा मार्ग विसरू नये. निईगाताच्या बर्फाळ भागात तोकामाची इथे बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत मिथिला संग्रहालय आहे, १९८२ पासूनचं. जिव्या सोमा मशे यांच्यासह वारली चित्रकार तिथे राहून चित्रं काढून गेले आहेत. उलट दिशेने, जपानी मंडळींनी डहाणू तालुक्यातल्या गंजाडमध्ये भिंतीचित्रांचा महोत्सव भरवला. अशा कामाशी महाराष्ट्रातून जोडलेली शाळा किंवा संस्था शिफारस करणाऱ्याला मोठा आधार देऊ शकते. ते कसं, हे पुढे येईल.

आधी शब्द नीट समजून घ्या

अर्जाचं माहितीपत्रक म्हणजे ‘बोशू योको’. ते त्या वर्षाचंच हवं. मागच्या वर्षीच्या पत्रकावरून केलेला अर्ज बाद होण्याची शक्यता फार, कारण शब्दमर्यादा, जोडपत्रं, पाठवण्याची रीत हे सगळं बदलू शकतं. अनेक वर्षं अर्ज उन्हाळा-शरदाच्या सुमारास घेतले गेले आणि प्रदान फेब्रुवारी-मार्चच्या आसपास झालं. तरीही यंदा अर्ज मागवले आहेत का, इथपासून तपासा.

पत्रकात तारखेशेजारचा शब्द वाचा. ‘हिच्चाकु’ लिहिलं असेल तर त्या दिवशी अर्ज त्यांच्या हातात पडलेला हवा. ‘केशीइन युको’ असेल तर टपालाचा त्या दिवसाचा शिक्का चालतो. या दोन शब्दांची गल्लत करून वर्षभराची मेहनत वाया घालवता येते.

पुरस्काराची तीन क्षेत्रं आहेत: कला-संस्कृतीतून परिसर घडवणं, वेगवेगळ्या संस्कृतींच्या लोकांचं सहजीवन म्हणजे ‘ताबुंका क्योसेई’, आणि नागरिकांनी नागरिकांशी जोडून घेत परस्पर समज वाढवणं. तिन्हींत थोडंथोडं बसतो असं वाटलं तरी भर एकाच ठिकाणी द्या. मराठी मंडळाला पहिलं क्षेत्र जवळचं वाटतं, कारण नाच-गाणं हाताशी असतं. मात्र कचरा वर्गवारीची माहिती मराठी-हिंदीत करून देणं, शाळेच्या सूचना समजावून सांगणं, भूकंपाच्या सरावात परदेशी कुटुंबांना आणणं, असं काम तुम्ही करत असाल तर दुसरं क्षेत्र जास्त भक्कम. त्याला इतिहासही आहे. १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपानंतर परदेशी रहिवाशांपर्यंत माहिती पोचवण्याचं काम लहान लहान गटांनी उचललं. नागाता भागातलं बहुभाषी रेडिओकेंद्र एफएम वायवाय त्यातूनच उभं राहिलं. स्वयंसेवी संस्थांचा म्हणजे एनपीओचा कायदा १९९८ मध्ये आला. जपानमध्ये ‘लोकांची देवाणघेवाण’ म्हटलं की डोळ्यांसमोर हेही काम येतं, फक्त रंगमंच नाही.

भगिनी शहरांच्या नात्यातून काम चालत असेल तर जरा थांबा. मुंबई-योकोहामा हे नातं १९६५ पासूनचं. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ते ओकायामाच्या बागेच्या धर्तीवर. वाकायामा प्रांतातल्या कोयासान या बौद्ध तीर्थस्थळी २०१५ मध्ये बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला, त्यामागे महाराष्ट्र आणि वाकायामा यांचा करार होता. हे दुवे शासनांनी आणि पालिकांनी बांधलेले. त्यात तुमच्या संस्थेचा स्वतःचा वाटा वेगळा काढून दाखवता येत नसेल, तर क्लेअर ही जपानी पालिका-प्रांतांची आंतरराष्ट्रीय संबंधांसाठीची संस्था आणि अंतर्गत व्यवहार मंत्रालय पालिकांच्या आंतरराष्ट्रीय देवाणघेवाणीसाठी देतात त्या ‘सोमु दाइजिन शो’कडे, म्हणजे त्या खात्याच्या मंत्र्यांच्या पुरस्काराकडे, वळा आणि शहर कार्यालयाला सोबत घ्या.

नोंदी: खरं काम इथे आहे

अर्ज भरायला काही आठवडे पुरतात. त्यात लिहायला काहीतरी असावं यासाठी दोन-तीन वर्षं आधीपासून नोंदी हव्यात.

प्रत्येक उपक्रमानंतर आठवड्याच्या आत एक पान लिहा: तारीख, जागा, कशासाठी केलं, किती लोक आले, खर्च, काय बिनसलं, पुढच्या वेळी काय बदलणार. ‘किती लोक’ या रकान्याचे चार भाग करा: बघायला आलेले जपानी रहिवासी, बघायला आलेले परदेशी रहिवासी, काम करणारे जपानी, काम करणारे परदेशी. शेवटचे दोन आकडे सर्वांत मोलाचे. समजा, पहिल्या वर्षी दिवाळीला ३०० जपानी पाहुणे आले आणि राबणारी ३० माणसं सगळी मराठी होती. तिसऱ्या वर्षी पाहुणे २५० च, पण राबणाऱ्या ३२ जणांत ११ जपानी शेजारी, आणि त्यातले दोघे आता कार्यक्रम ठरवणाऱ्या बैठकीला बसतात. गर्दी कमी झाली म्हणून मंडळ हिरमुसेल. परीक्षक तिसऱ्या वर्षाकडे बघतील.

‘काय बिनसलं’ हा रकाना रिकामा ठेवू नका. ढोलाच्या आवाजाची तक्रार आली, मग वस्ती-समितीशी म्हणजे चोनाइकाइशी बोलून वेळ बदलली, पुढच्या वर्षी समितीनेच तंबू उसना दिला, ही घटना अर्जात सोन्यासारखी आहे. त्यासाठी तक्रारीची तारीख, बैठकीची टिपणं आणि बदललेल्या वेळेचं पत्रक जपून ठेवलेलं असावं लागतं. मराठी मंडळांत अशी भांडणं व्हॉट्सअ‍ॅपवर मिटतात आणि फोन बदलला की पुरावा जातो.

पुराव्याची आणखी एक सोपी जागा आहे, ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. समाजकल्याण परिषदेमार्फत म्हणजे शाकाइ फुकुशी क्योगिकाइमार्फत स्वयंसेवकांचा विमा मिळतो. माणशी काहीशे येन, मुदत ३१ मार्चपर्यंत. दरवर्षी तो उतरवला की अपघाताची काळजी मिटतेच, शिवाय त्या वर्षी कोण कोण काम करत होतं याची तारखेसह यादी तयार होते. खाद्यपदार्थांचे स्टॉल असतील तर आरोग्य केंद्राला म्हणजे होकेन्जोला दिलेल्या कागदांच्या प्रतीही याच फाइलमध्ये ठेवा.

फोटो वर्षाला दहा पुरेत, पण निवडलेले. रंगमंचाचा एक चालेल. बाकीच्यांत माणसं एकमेकांबरोबर काहीतरी करताना दिसावीत: पोळी लाटताना, पत्रक दुरुस्त करताना, बैठकीत वाद घालताना. चेहरा ओळखू येतो अशा प्रत्येकाची लेखी संमती घ्या, मुलांच्या बाबतीत पालकांची. ‘तेव्हा तोंडी हो म्हणाले होते’ हे जपानमध्ये चालत नाही. तीन वर्षांनी ती माणसं शोधणंही जमत नाही.

संस्थेची घटना आणि हिशेब

नोंदणीकृत एनपीओ असणं ही अट नाही. नोंदणी नसलेला गट म्हणजे ‘निनी दांताइ’, तोही अर्ज करू शकतो. नोंदणी करायचीच असेल तर किमान १० सभासद, ३ संचालक आणि १ लेखापरीक्षक लागतात. केवळ पुरस्कारासाठी त्या फंदात पडू नका, दरवर्षीचं कागदकाम मागे लागतं.

नोंदणी नसली तरी संस्थेची लेखी घटना म्हणजे ‘कियाकु’ हवी. दोन पानं पुरतात: नाव, पत्ता, उद्देश, सभासद कसे होतात, पदाधिकारी कसे आणि किती काळासाठी निवडतात, सर्वसाधारण सभा केव्हा, आर्थिक वर्ष कोणतं, संस्था बंद झाली तर शिल्लक कुठे जाईल. शेवटचं कलम हमखास राहतं. घटना नसेल तर संस्थेच्या नावाने बँक खातंही उघडत नाही. खजिनदाराच्या खासगी खात्यात २० लाख येन घेणं म्हणजे करखात्याला स्वतःहून आमंत्रण, आणि मंडळात भांडणाची सोय. हे खातं अर्जाच्या आधीच उघडा, बँक आठवडे घेते.

हिशेबात मराठी मंडळं एका खास ठिकाणी अडखळतात. जपानी आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, आणि गुढीपाडवा नेमका त्या सांध्यावर. २०२४ चा पाडवा ९ एप्रिलला होता, २०२५ चा ३० मार्चला. म्हणजे एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या एकाच वर्षात दोन पाडवे आले, आणि त्याआधीच्या वर्षात, २०२३ चा पाडवा २२ मार्चला होऊन गेल्यामुळे, एकही नाही. त्यामुळे पाडव्याचा खर्च जपानी वाचणाऱ्याला एका वर्षी दुप्पट आणि एका वर्षी शून्य दिसतो. तरी हिशेब पाडवा ते पाडवा न ठेवता एप्रिल ते मार्च असाच मांडा आणि खाली एका ओळीत पंचांगाचं कारण द्या. मागच्या वर्षाची अखेरची शिल्लक आणि या वर्षाची आरंभीची शिल्लक एका येननेही वेगळी असता कामा नये. बेरीज बरोबर असून हे न जुळणं, ही सर्वाधिक आढळणारी चूक.

मानधनाचा रकाना काळजीने भरा. नोकरीसाठी आलेल्या जोडीदाराबरोबर आश्रित (डिपेंडंट) व्हिसावर आलेली व्यक्ती दर आठवड्याला स्वयंपाकाचा वर्ग घेऊन पैसे घेत असेल, तर तिच्याकडे ‘शिकाकुगाइ कात्सुदो’ची, म्हणजे व्हिसाबाहेरच्या कामाची, परवानगी हवी, ती असली तरी आठवड्याला २८ तासांची मर्यादा असते. व्यवसाय म्हणून नव्हे, एखाद्या प्रसंगापुरतं दिलेल्या व्याख्यानाचं मानधन वेगळं. शंका असेल तर आधी इमिग्रेशन कार्यालयात विचारा. संस्थेच्या ताळेबंदातून एखाद्याच्या व्हिसाला धक्का लागू नये.

अर्जाचा मजकूर

सुरुवात एका वाक्याने करा: कुठे, कोणाबरोबर, काय केलं आणि त्यामुळे काय बदललं. ते वाक्य बनत नाही तोवर पुढचं लिहू नका.

‘आम्ही भारतीय संस्कृतीचा प्रसार करतो’ हे वाक्य जवळपास प्रत्येक मंडळाच्या मसुद्यात असतं, आणि ते काढून टाकावं. जपानीत संस्कृती दाखवण्याला ‘शोकाइ’ म्हणतात, ओळख करून देणं. पुरस्कार आहे ‘कोर्यू’साठी. त्या शब्दाच्या चित्रलिपीतलं पहिलं अक्षर एकमेकांना छेदणं सांगतं, दुसरं प्रवाह. दोन्ही बाजूंनी काहीतरी वाहून यायला हवं. तेव्हा तुम्ही काय शिकवलं याच्याइतकंच तुम्ही काय शिकलात, तुमच्या मंडळाची कोणती पद्धत त्यामुळे बदलली, हे लिहा. कार्यक्रम संपल्यावर कचरा वेगळा करून जागा आदल्या दिवसापेक्षा स्वच्छ ठेवायची रीत शेजाऱ्यांकडून घेतली, तर तेही लिहा. कमीपणा नाही त्यात.

मर्यादा अक्षरांत असते, शब्दांत नाही. चारशे अक्षरांच्या चौकटीत शंभर लिहिली तर सांगण्यासारखं काही नाही असा अर्थ निघतो. निदान ८० टक्के जागा भरा आणि मर्यादेबाहेर एक अक्षरही जाऊ देऊ नका. मराठीत मसुदा करून तो यंत्राकडून भाषांतरित करण्याचा मोह टाळा; ‘अविस्मरणीय’, ‘जल्लोषात’, ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ यांची जपानी रूपं फार हास्यास्पद दिसतात. मुद्दे मराठीत काढा, वाक्यं जपानी सहकाऱ्याबरोबर बसून जपानीतच बनवा. त्या बैठकीत सहकारी विचारेल, ‘म्हणजे नक्की काय?’ तो प्रश्न जिथे जिथे येईल, तिथे अर्ज कच्चा आहे.

नंतर तीन गोष्टी तपासा. वाक्य संपवण्याच्या ‘देस-मासु’ (नम्र) आणि ‘दे-आरु’ (लेखी) या दोन शैली मिसळलेल्या नसाव्यात. सन एकाच पद्धतीने लिहिलेले असावेत. रेइवा म्हणजे सध्याच्या सम्राटाच्या काळाची वर्षगणना; रेइवा वर्षात २०१८ मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे रेइवा ७ हे २०२५. आणि काताकानातलं, म्हणजे परकीय शब्दांसाठीच्या जपानी लिपीतलं, ‘मराठी’ सगळीकडे सारखंच हवं. या शब्दाची ऱ्हस्व-दीर्घ अशी एकाहून जास्त रूपं चालतात, आणि तीन जणांनी मिळून लिहिलेल्या अर्जात तिन्ही सापडतात.

शिफारस आणि आधारपत्रं

राजदूतावासातल्या मोठ्या अधिकाऱ्याचं पत्र मिळवण्यासाठी मंडळी महिना घालवतात. त्या पत्रात सहसा शुभेच्छा असतात, माहिती नसते. चोनाइकाइचे प्रमुख, प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक, स्थानिक आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण संघाचा कर्मचारी, कोमिन्कान म्हणजे समाजमंदिराचा व्यवस्थापक, यांपैकी कोणाचंही अर्ध्या पानाचं पत्र त्याहून भारी, कारण त्यांनी काम डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यांना कोरा कागद देऊ नका. तुमच्या नोंदींतून दोन-तीन तारखा आणि घटना काढून द्या, शब्द त्यांचे राहू द्या. सगळी पत्रं एकाच हातची वाटली तर त्यांची किंमत संपते.

महाराष्ट्रातल्या शाळेने किंवा संस्थेने जपानी भागीदारासाठी पत्र द्यायचं असेल तर रीतसर द्या: लेटरहेड, जावक क्रमांक, तारीख, मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का. मजकूर मराठीत असला तरी हरकत नाही, सोबत जपानी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचं नाव जोडा. ‘जपानी पाहुण्यांनी शाळेला भेट देऊन आम्हाला उपकृत केले’ असली वाक्यं नकोत. कोणत्या इयत्तेची किती मुलं सहभागी झाली, पाहुणे परत गेल्यावर काय चालू राहिलं, पुढच्या भेटीबद्दल गावाने काय अट घातली, हे लिहा. गावाने अट घातली आणि ती पाळली गेली, यातून नातं बरोबरीचं असल्याचं कळतं. वारली चित्रांच्या बाबतीत चित्रकारांना मोबदला किती आणि कसा मिळाला, चित्रांचा वापर कुठे होणार हे कोणी ठरवलं, याचा उल्लेख टाळला तर जाणकार वाचक तिथेच बोट ठेवील.

प्रत्यक्ष पाहणी

कागदावर निवड झाली की कोणीतरी येऊन बोलेल असं धरूनच तयारी करा. त्या दिवसासाठी लेझीम बसवू नका. नेहमीचा शनिवारचा वर्ग, नेहमीची बैठक जशी असते तशीच दाखवा. अध्यक्षांनी दहा मिनिटांत आटोपावं आणि बाजूला व्हावं. बोलायला हवेत ते स्वयंसेवक, त्यातही जपानी शेजारी आणि इथेच वाढलेली मुलं. एखादा शेजारी ‘सुरुवातीला मला या लोकांचा त्रासच व्हायचा’ म्हणाला तर घाबरून सारवासारव करू नका. पुढचं वाक्य तोच बोलेल. मूळ नोंदवह्या, हिशेब आणि संमतीपत्रं टेबलावर ठेवा. अर्जातला कोणताही आकडा विचारला तर त्याचं पान दोन मिनिटांत निघालं पाहिजे.

‘रक्कम मिळाली तर काय कराल’ हा प्रश्न येतो. ‘भव्य कार्यक्रम’ हे उत्तर वाईट. वस्तीतल्या जागेचं दोन वर्षांचं भाडं, दुभाषांचं प्रशिक्षण, मुलांच्या सूचनापत्रकांची छपाई, असं आकड्यांसह सांगता यावं, आणि पैसे संपल्यावर ते कशावर चालेल हेही.

वेळापत्रक

मुदतीच्या १२ आठवडे आधी क्षेत्र ठरवा आणि ते एक वाक्य लिहा. मग उलटी गणती करत, मुदतीआधीच्या दहाव्या आठवड्यापर्यंत शिफारसपत्रांची विनंती जायला हवी. ओबोन या पितरांच्या सणाच्या सुटीत, ऑगस्टच्या मध्याला, कोणी भेटत नाही. आणि भारतातून पत्र येणार असेल तर उन्हाळी सुटी, गणपती, दिवाळी यांचा हिशेब वेगळा. आठव्या आठवड्यापर्यंत हिशेब लेखापरीक्षकाच्या सहीसह तयार हवा. सहाव्यापर्यंत जपानी मसुदा पूर्ण व्हावा. चौथ्या आठवड्यात तो अशा जपानी माणसाला वाचायला द्या ज्याला तुमचं मंडळ अजिबात माहीत नाही, आणि वाचून झाल्यावर त्याला अर्ज बंद करून विचारा, ‘ही संस्था काय करते?’ उत्तरात पहिला शब्द ‘करी’ किंवा ‘डान्स’ आला तर उरलेले चार आठवडे पुनर्लेखनाला लागतील.

अर्ज मुदतीच्या पाच दिवस आधी पाठवा. टपालाने जात असेल तर नोंद राहील अशा पद्धतीने, पाकिटावर पुरस्काराचं नाव लाल शाईत. फाइल पाठवायची असेल तर नावात संस्थेचं नाव घाला, ‘फायनल २’ नको. पोचल्याची खात्री होईपर्यंत मूळ कागद आवरून ठेवू नका.